आपल्या गाडीची पुढची चाके

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या कार्यक्रमात कीर्तन झाले, विद्वानांची व्याख्याने झाली, काल मुलांचे गाणे झाले. मग चिटणीस माझ्या गॅरेजात आले आणि म्हणाले, "आता तुम्ही बोला." मी म्हणालो, "मी काय बोलणार? चाळीस वर्षे मी पान्याशी आणि हातोडीशी बोललो आहे." ते म्हणाले, "त्याच विषयावर बोला. ट्रस्टची गाडी सर्वांना माहीत आहे, तिच्या चाकात काय आहे ते कोणालाच माहीत नाही." तेव्हा मी जे बोलणार आहे त्यात अलंकार नाहीत. ग्रीसचा वास मात्र येईल, तो सहन करावा.

आपली पिकअप गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे हे आपणांस ठाऊक आहे. वर्गणीदारांपैकी काहींनी ती घेताना विचारलेही होते की, इतके पैसे जास्त देऊन ही कशाला? ज्यांनी पावसाळ्यात जांबोटीच्या पलीकडे, कणकुंबीच्या बाजूस किंवा भीमगडाच्या रानातल्या वाड्यांवर पाऊल टाकले आहे, ते असे विचारणार नाहीत. तांबड्या चिखलात मागची दोन चाके नुसती जागच्या जागी फिरतात आणि गाडी पोटावर बसते. त्या वेळी पुढच्या चाकांनी हात दिला पाहिजे. तांदळाची पोती, औषधांच्या पेट्या, आणि पुष्कळदा मागच्या हौद्यात गादी टाकून निजवलेला रोगी, हे सर्व या दोन पुढच्या चाकांच्या भरवशावर असते.

आता ही चाके ओढतात कशी? इंजिनाचे बळ गिअरच्या पेटीतून दुसऱ्या एका लहान पेटीत येते. तिथला दांडा ओढला म्हणजे बळाची एक वाट पुढे फुटते. पुढच्या लांब दांड्यावरून ते पुढच्या डिफरन्शियलमध्ये जाते आणि तिथून दोन आखूड ॲक्सलवरून उजव्या व डाव्या चाकाला पोचते. डांबरी रस्त्यावर आपण फक्त मागची चाके चालवतो. पण तेव्हाही पुढची चाके रस्त्यावर फिरत असतातच. ती ॲक्सलला पक्की जखडलेली असली तर स्वतःबरोबर ॲक्सल, डिफरन्शियल आणि तो पुढचा लांब दांडा या सर्वांना विनाकारण फिरवीत बसतात. रिकामी चक्की दिवसभर चालू ठेवावी तसा हा प्रकार. दाते झिजतात, आवाज येतो, सुकाणू थोडे जड होते, थोडे इंधनही जाते. (फार जाते असे सांगणारे दुकानदार आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.)

महायुद्धातील जीपगाड्यांची चाके अशीच जखडलेली होती. युद्ध संपल्यावर त्या गाड्या अमेरिकेत शेतकऱ्यांच्या आणि साध्या नागरिकांच्या हाती आल्या व डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा ही गैरसोय जाणवली. १९४८ साली वॉर्न नावाच्या कारागिराने चाकाच्या मध्यावर बसवायचा एक खटका विकावयास काढला. खटका एका बाजूस फिरवला की चाक आणि ॲक्सल यांची गाठ पडते, दुसऱ्या बाजूस फिरवला की गाठ सुटते व ॲक्सल स्वस्थ उभा राहतो. यालाच लॉकिंग हब म्हणतात. आपल्याकडे जी जुनी जीप आपण लहानपणी फॉरेस्ट खात्याच्या दारात पाहिली, तिच्यावरही पुढे हौशी मालकांनी असे हब बसवले.

हा खटका हाताने फिरवायचा म्हणजे गाडीतून उतरणे आले. पावसात, चिखलात, दोन्ही बाजूंनी. म्हणून पुढे आपोआप लागणारे हब निघाले. त्यांतला एक प्रकार असा की, ॲक्सल फिरू लागला की हब स्वतः अडकतो, आणि सोडवायचा असेल तर गाडी थोडी मागे घ्यावी लागते. दुसरा प्रकार हवेच्या ओढीवर चालतो. इंजिनाजवळच्या पंपाने नळीतली हवा ओढली की हबातला पडदा सरकतो आणि दाते दात्यांत बसतात. आपली गाडी आली तेव्हा तिला हा दुसरा प्रकार होता. बसल्या जागी बटण दाबले की काम झाले. आमचे चालकमामा पहिल्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी तीन वेळा बटण दाबून दाखवले.

पण ही सोय कोरड्या मुलुखात शोभते. आपल्या वाटेवर ती बारीक नळी चाकापर्यंत जाते, काट्याकुट्यात अडकते, चिखलाने भरते. एक सील गळू लागले की हवेची ओढ अर्धी राहते आणि दाते अर्धेच बसतात. मग करकर आवाज येतो आणि ते दाते एकमेकांना खातात. दुसऱ्या पावसाळ्यात उजवा हब लागायचा, डावा लागायचा नाही. एक हब लागला आणि दुसरा लागला नाही तर काय होते हे नीट ऐकावे, कारण पुष्कळ जणांना वाटते की, अर्धे तरी बळ मिळत असेल. काहीही मिळत नाही. डिफरन्शियल हे बळ जिकडे विरोध कमी तिकडे सोडून देते. ज्या बाजूचा हब सुटलेला आहे तिकडचा ॲक्सल रिकामा गरगर फिरतो आणि दुसऱ्या बाजूचे चाक स्वस्थ बसून राहते.

तेव्हा समितीने ठरवले की हे आपोआपचे हब काढून हाताने लावायचे हब बसवावेत. सल्ला माझाच होता आणि काम मीच विनामूल्य पत्करले. सल्ला बरोबर होता असे मी आजही म्हणतो. खरे सांगायचे तर हबाऐवजी चाक कायमचे जखडणारी साधी लोखंडी चकती बसवणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक. तीत बिघडायला काही नसते आणि कोणी लावायला विसरतही नाही. पण आपली गाडी दहातले नऊ दिवस डांबरावर असते, म्हणून मी हबाच्या बाजूने मत दिले.

या बदलात काय काय पाहावे लागते ते थोडक्यात सांगतो, कारण सभेत दोन-तीन तरुण असे बसले आहेत की ज्यांच्या गाड्या मी ओळखतो. ॲक्सलच्या टोकाला जे उभे दाते असतात ते मोजावेत, नवा हब तितक्याच दात्यांचा हवा. हब बसतो त्या बोल्टांची संख्या आणि त्यांचे वर्तुळ जुळले पाहिजे. ॲक्सलच्या टोकाला सर्किलपची खाच आहे की नाही ते पाहावे. जुन्या हवेच्या नळ्या नुसत्या कापून लोंबत ठेवू नयेत. पुष्कळ डिझेल गाड्यांत तोच पंप ब्रेकलाही हवेची ओढ पुरवतो. नळी उघडी राहिली तर ब्रेक जड होईल. ती मुळापाशी पक्की बंद करावी.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यापायी आज मी इथे उभा आहे. काही गाड्यांत आपोआपच्या हबाचा एक भाग चाकाच्या बेअरिंगचा नट जागेवर धरून ठेवतो. तो हब काढला की नट धरणारे काही उरत नाही. तेव्हा नवा नट, नवे वॉशर आणि वरचा दुसरा नट घालून बेअरिंग पुन्हा नव्याने जुळवावे लागते. म्हणजे माणूस हब बदलायला बसतो आणि नकळत चाकाच्या बेअरिंगला हात घालतो. माझे तसेच झाले.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना आस, खीळ आणि वंगणाचा नळा आठवत असेल. मोटारीच्या चाकात त्याच गोष्टी आहेत, फक्त मध्ये बेअरिंग आहे. चाकाच्या हबात दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. त्यांतले रूळ एका बाजूस निमुळते असतात. निमुळते असल्यामुळे ते गाडीचे वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही पेलतात. पण त्यामुळेच त्यांची घट्टसैल माणसाच्या हातात राहते. बाहेरचा नट जितका आवळाल तितके रूळ त्यांच्या वाटीत रुतत जातात. सैल राहिला तर चाक डुगडुगते आणि रूळ वाटीवर आपटून खळगे पाडतात. घट्ट झाला तर त्याहून वाईट. चालताना बेअरिंग तापते, तापले की लोखंड फुगते, आणि फुगायला जागा नसली की आणखी तापते. ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. कोरडे रूळ निळे पडतात, त्यांना धरणारा पिंजरा फुटतो आणि आतली कडी स्पिंडलला चिकटून बसते.

म्हणून नट आवळण्याची रीत अशी की, चाक हाताने फिरवीत फिरवीत प्रथम नट चांगला आवळावा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो मागे सोडावा. जुन्या विलिस जीपच्या पुस्तकात चाक अडखळेपर्यंत आवळून सुमारे एक षष्ठांश फेरा सोडावा असे सांगितले आहे. दुसऱ्या गाड्यांत टॉर्कचा पाना लावून ठरावीक जोर द्यायचा, नंतर ठरावीक भाग सोडायचा. काहींत हबाच्या बोल्टाला स्प्रिंगचा तराजू अडकवून चाक फिरवायला किती जोर लागतो ते मोजतात. आपापल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच खरा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा, माझ्याही गाडीचा, घेऊ नये. वरचा नट आवळल्यावर पुन्हा एकदा चाक फिरवून पाहावे, कारण वरच्या नटाच्या दाबाने आतली जुळणी बदलते.

हे मला त्या वेळी माहीत नव्हते असे नाही. मी ते शिकाऊ पोरांना शिकवीत होतो. २०१८ च्या जून महिन्यात मी आपली गाडी उचलली. डावे चाक सकाळी केले. उजवे करता करता संध्याकाळ झाली. नटाला लागणारा खास बॉक्स पाना माझ्याकडे नव्हता. डाव्या चाकाला शेजारच्या गॅरेजातून मागून आणलेला पाना मी दुपारी परत देऊन बसलो होतो. तेव्हा उजव्या चाकाचा नट मी छिन्नी लावून हातोडीने आवळला. मनात आले, थोडा जास्त घट्ट असला तर काय बिघडले, सैल असण्यापेक्षा बरा. वरचा नटही तसाच ठोकला. चाक फिरवून पाहिले की नाही हे मला आज आठवत नाही. बहुधा नाहीच.

त्यानंतर गाडी जेमतेम ६०० किलोमीटर चालली. जुलैमध्ये एका रात्री रानातल्या वाडीवरून निरोप आला, बाई अडली आहे. मामा गाडी घेऊन गेले. दोन ओढे पार करून तिला घेऊन निघाले आणि परतताना जांबोटीच्या अलीकडे उजव्या चाकातून धूर आणि जळका वास येऊ लागला. चाक वाकडे फिरू लागले. मामांनी गाडी थांबवली, आणि तेच त्यांचे शहाणपण. आणखी मैलभर रेटली असती तर चाक निघून गेले असते. पावसात दीड तास ती बाई हौद्यात ताडपत्रीखाली पडून होती. तिची सासू छत्री धरून बसली होती. शेवटी एक दुधाचा टेम्पो आला आणि त्याने त्यांना खानापुरास पोचवले. बाळंतपण सुखरूप झाले. हे मी ऐकले तेव्हा मी मटकन खाली बसलो.

समितीची बैठक झाली. तीत असा निष्कर्ष निघाला की, चालकाने गाडी खोल पाण्यात घातली, बेअरिंगमध्ये पाणी गेले आणि नुकसान झाले. दुरुस्तीच्या खर्चापैकी ४,२०० रुपये मामांच्या पगारातून वळते करून घेतले. मामा काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. त्या बैठकीस मी हजर होतो आणि गप्प बसलो.

चाक मीच उघडले होते. पाणी शिरलेल्या बेअरिंगचे ग्रीस ताकासारखे पांढरट होते आणि रुळांवर गंजाचे ठिपके येतात. या चाकातले ग्रीस काळे, करपलेले, पापडासारखे होते. रूळ निळे झाले होते. नटावर माझ्या छिन्नीचे ताजे वळ होते. तेच ओढे पार केलेले डावे चाक उघडले तर आतले ग्रीस स्वच्छ आणि बेअरिंग ठणठणीत. दोन्ही चाके एकाच पाण्यातून गेली होती. फरक एवढाच होता की एक मी सकाळी केले आणि दुसरे संध्याकाळी. चार महिन्यांनी मी हे अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगितले. ४,२०० रुपये मी स्वतः मामांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी ते आधी घेतले नाहीत, मामींनी घेतले. पण ज्या सभासदांनी मामांविषयी त्या काळी काही ऐकले, त्यांना हे कोणी सांगितले नाही. आज सांगत आहे, आणि चिटणीसांनी हे भाषण स्मरणिकेत छापण्याचे कबूल केले आहे ते या भागासह, अशी माझी अट आहे.

पाण्याची गोष्ट खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. लांबून आलेल्या गाडीचा हब गरम असतो. तो एकदम थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. म्हणून ओढ्यापाशी पोचल्यावर दहा मिनिटे थांबून चाके निवू द्यावीत. रोगी गाडीत असताना हे जमत नाही हे मला कळते. म्हणून तर चाके वेळोवेळी उघडून पाहावयाची. पुस्तकात लिहिलेले अंतर कोरड्या रस्त्यासाठी असते. आपण आता वर्षातून दोनदा, मिरगाआधी आणि दिवाळीनंतर, दोन्ही पुढची चाके उघडतो. बेअरिंग रॉकेलने धुऊन, कोरडे करून, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन रुंद बाजूने दाबत दाबत भरतो, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. नुसते वरून माखणे म्हणजे पुरणाशिवाय पोळी. आतले सील दर वेळी नवे घालतो. बेअरिंग बदलायचे असेल तर वाटी आणि कडी जोडीनेच बदलतो, जुन्या वाटीत नवे रूळ घालत नाही. लॉकिंग हबाच्या खटक्यात मात्र हे जाड ग्रीस कोंबायचे नाही. तिथे बोटाने पुसट हात फिरवायचा. नाहीतर थंडीत खटका फिरत नाही आणि मग लोक पक्कड लावून तो मोडतात. नटाचा बॉक्स पाना मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जाड नळकांड्यापासून कातून घेतला आहे. तो गाडीच्या आसनाखाली असतो. तिथून कोणी नेऊ नये.

ज्या सभासदांना गाडीतले काही कळत नाही, त्यांनाही दोन गोष्टी करता येतील. गाडी प्रवासाहून आली की हाताची पाठ दोन्ही हबांजवळ न्यावी. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक, एकच जास्त तापला असेल तर मला कळवावे. दुसरे, जॅकवर चाक उचललेले असताना ते वरून आणि खालून धरून हलवावे. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगात, तरीही हलत राहिले तर दोष सुकाणूच्या सांध्यात. चौदा वर्षांच्या मुलालाही हे जमते, मात्र गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी बसू नये. जॅकवर भरवसा नाही.

हबाविषयी नव्या चालकाने असा नियम ठेवला आहे. जिथे डांबर संपते तिथेच उतरून दोन्ही हब लावायचे, चिखलात रुतल्यावर नव्हे. परत डांबरावर आल्यावर प्रथम दांडा सोडायचा, मग हब. हब लावलेले राहिले आणि दांडा सुटलेला असला तर डांबरावर काही बिघडत नाही. दांडा मात्र कोरड्या डांबरावर ओढलेला राहता कामा नये, वळणावर आतल्या गिअरांना पीळ बसतो. हब सुटलेले असताना लहान गिअरचा दांडा टाकून जड ओझे ओढणे हेही वाईट, सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो. महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, हब लावून थोडे अंतर जायचे, म्हणजे पुढच्या दात्यांना तेल लागत राहते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला आणि घटप्रभेला पूर आला, तेव्हा आपली गाडी नऊ दिवस सतत चालली. मामा नोकरीत नव्हते, पण पहिल्याच सकाळी ते आपणहून आले आणि किल्ली मागितली. मी त्यांच्यासमोर दोन्ही चाके उचलून हलवून दाखवली. ते म्हणाले, "ती उजवी पुन्हा एकदा दाखवा."

मामा आज मागच्या रांगेत खांबाजवळ बसले आहेत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता ट्रस्टच्या आवारात आम्ही दोघे गाडीची पुढची चाके उघडणार आहोत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे. ग्रीसचा डबा कार्यालयातील कपाटाच्या खालच्या फळीवर आहे. गेल्या वेळी कोणीतरी त्याचे झाकण उघडे ठेवले होते आणि त्यात वाळू गेली. तो डबा मी टाकून दिला असून नवा आणला आहे.